लाल-पिवळा-हिरवा नेट: चार महिने वापरून बघितला, आता ऐका

आमच्या गावातल्या नेटचा रेट आता वेळेप्रमाणे बदलतो आणि रंगानं दाखवतात, त्या प्लॅनबद्दल हे आहे. आधीच सांगतो, नेट देणाऱ्याचं नाव घेणार नाही. गाव छोटं आहे, टॉवर ज्याच्या माळवदावर उभा आहे तो माझा वर्गमित्र, आणि मालक रोज सकाळी मी जिथं चहा पितो तिथंच चहा पितो. ज्याला कनेक्शन घ्यायचंय त्याला बरोबर कळतंय कुणाबद्दल बोलायलोय ते.

मी अंबाजोगाईपासून वीसेक किलोमीटरवर राहतो, बालाघाटाच्या डोंगरात. धंदा लग्नाच्या शूटिंगचा, म्हणजे फोटो, व्हिडिओ, ड्रोन, आणि कोरोनानंतर सगळ्यांना लागलेलं खूळ म्हणजे लाइव्ह. पुण्याला नोकरीवरची पोरं, दुबईतला मामा, सगळ्यांना लग्न मोबाइलवर बघायचं असतंय. त्यामुळं नेट माझ्यासाठी करमणूक नाही, कच्चा माल आहे. एका लग्नाची फायनल फिल्म 18 जीबीची होते, ती लिंकवर चढवून द्यावी लागते, आणि गावात फायबर अजून आलेलं नाही, खांबापर्यंत येणार येणार म्हणत दोन पावसाळे गेले. मोबाइलची रेंज घरात एका खिडकीत आहे, तिला आम्ही बीएसएनएलची खिडकी म्हणतो, सिम आता दुसऱ्याचं असलं तरी.

म्हणून हा लोकल वायरलेसवाला. छतावर पाईपला एक छोटी पांढरी डिश, समोर डोंगराच्या कडंला त्याचा टॉवर, मधे हवा. तीन वर्षं 700 रुपये महिना अनलिमिटेड होतं. अनलिमिटेड म्हणजे काय ते वापरणाऱ्याला विचारा. दुपारी स्पीड 18 एमबीपीएस, रात्री आठ वाजले की दीड. दीड म्हणजे व्हिडिओ गोल गोल फिरायलंय आणि आपण राउटर बंद-चालू करायलोय, जसं काय राउटरचीच चूक आहे.

फेब्रुवारीत त्यानं प्लॅन बदलला. 300 रुपये महिन्याचे फिक्स, आणि त्याच्यावर जेवढं वापराल तेवढं जीबीप्रमाणे, पण रेट वेळेप्रमाणे बदलणारा. हिरवा म्हणजे जीबीला 1 रुपया, पिवळा 3 रुपये, लाल 8 रुपये. रात्री नऊला दुसऱ्या दिवसाचे चोवीस तासांचे रंग अॅपवर येतात, तासातासाची पट्टी, आणि मोबाइलच्या वरच्या बाजूला एक ठिपका दिसतो, आत्ता कोणता रेट चालू आहे त्याचा. पैसे वॉलेटमधून कापले जातात. वर एक 60 रुपयांचा 'पास' आहे, दोन तासांसाठी, तेवढा वेळ तुमचं ट्रॅफिक रांगेत सगळ्यांच्या पुढं. गावात पहिल्या आठवड्यात एवढी बोंब झाली की विचारू नका. ग्रामपंचायतीच्या पाण्यावर एवढी कधी झाली नाही.

आता सरळ मुद्द्यावर येतो, चाललं का? चाललं. मी रोज रात्री 8:30 ला स्पीड टेस्ट मारतो, सवयच आहे, बायको हसते. जानेवारीत दीड-दोनच्या वर एक दिवस गेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक दिवस 9 ते 12 मिळाले, आयपीएलच्या दिवशी 5-6. टॉवर तोच, डिश तीच, मालकानं एक रुपयाचं नवं सामान टाकलं नाही, मी स्वतः वर चढून बघितलंय.

कामून झालं हे, त्याचं गणित सोपं आहे. आमच्या दिशेला टॉवरवरचा जो एक रेडिओ, म्हणजे सिग्नल फेकणारं यंत्र, आहे त्याच्यावर चाळीस घरं आहेत आणि त्याच्यातून खरोखर निघतं 120 एमबीपीएसच्या आसपास. फुल एचडी व्हिडिओला 5 एमबीपीएस लागतात, नेटफ्लिक्स स्वतःच तेवढं सांगतं. चाळीस घरांत एकाच वेळी टीव्हीवर फुल एचडी लावलं की झाले 200. हवेत 120 च आहेत, म्हणजे सगळ्यांचंच अडकणार. तीच चाळीस घरं 480 वर, म्हणजे कमी क्वालिटीत, बघायली तर दीड-दीडनं 60 होतात आणि निम्मी हवा मोकळी राहते. म्हणजे प्रश्न नेट कमी असण्याचा नव्हताच, सगळ्यांनी एकाच वेळी आणि गरज नसताना मोठं घेण्याचा होता. सहा इंची मोबाइलवर कीर्तन फुल एचडीत बघून कोणाला जास्त पुण्य लागत नाही.

आमच्या शेजारच्या काकांना हे काही पटलं नाही. काका रोज संध्याकाळी सात ते दहा स्मार्ट टीव्हीवर मालिका बघतात, एकदम कडक एचडीत. पहिल्या महिन्यात त्यांनी वॉलेटमध्ये 500 टाकले आणि अकराव्या दिवशी वॉलेट शून्य. तासाला दोन जीबी, तीन तास, आठ रुपये, दिवसाला 48 रुपये झाले ना. काका थेट माझ्या स्टुडिओत, कारण गावात नेटचं काही झालं की मीच. म्हणाले, "अरे, डिश टीव्हीवाला तर मालिका संध्याकाळी बघितली म्हणून जास्त पैसे घेत नाही, ह्यालाच कशाचे जास्त लागतात?"

प्रश्न लई बरोबर होता, मला दोन मिनिटं लागली. मग म्हणलं, काका, डिशचा सिग्नल म्हणजे पाऊस. तो सगळ्या वावरात सारखाच पडतो, तुम्ही छत्री उघडी ठेवा का बंद, शेजाऱ्याचा पाऊस कमी होत नाही. हे नेट म्हणजे बोअर आहे. तुम्ही तीच मालिका बघितली आणि मी तीच मालिका बघितली तरी तुमच्यासाठी वेगळं पाणी उपसलं जातं, माझ्यासाठी वेगळं, आणि खालचा झरा एकच. तुम्ही मोटर लावली की माझी धार बारीक होते. काकांनी मान हलवली, पटलं का नाही माहीत नाही, पण बोअरचं कळलं. आमच्या भागात बोअरचं सगळ्यांना कळतं, सातशे फुटांवर पाणी लागलेलं नाही असली घरं आहेत.

त्यानंतर मी त्यांच्या टीव्हीत क्वालिटी 480 वर फिक्स करून दिली. दोन दिवसांनी म्हणाले, काय फरक दिसेना. मग ते आधी काय बघत होते, असो.

मी इंजिनिअरिंग संभाजीनगरला केलं, तेव्हा औरंगाबाद, ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम, पूर्ण केलं बरं का, नोकरी मात्र कॅमेऱ्याचीच जमली. फायनल इयरला माझा सेमिनार ह्याच विषयावर होता, नेटवर्कवरची गर्दी दरानं कशी आवरायची. सर पुढच्या बाकावर बसून डुलक्या घेत होते, त्यामुळं मार्क चांगले मिळाले. तेव्हा वाटलं होतं हे सगळं कागदावरचं आहे. आणि आता गावातला आठवी पास माणूस ते डोंगरावर चालवायलाय.

कल्पना काही नवी नाही. विल्यम विक्री नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1950 च्या दशकातच न्यूयॉर्कच्या सबवेसाठी सांगितलं होतं की गर्दीच्या वेळेला तिकीट महाग ठेवा आणि रिकाम्या वेळेला स्वस्त. लोकांनी मनावर घेतलं नाही. 1996 ला नोबेल मिळालं आणि जाहीर झाल्यावर तीन दिवसांत गेले बिचारे. पण आपल्याला विक्री कशाला लागतात, आपण एसटीडी, म्हणजे परगावी लावायचा फोन, बघितलाय की. पिवळे पीसीओ, रात्री उशिरा पाव दर, त्या दरासाठी बूथबाहेर लागलेली रांग, आणि आत काचेत लाल आकडे पळायलेत म्हणून वडील "हां, बरं, ठेवतो" एवढ्यातच बोलणं आटपायचे. त्या आकड्यांमुळं माणूस शिस्तीत बोलायचा. पळता मीटर डोळ्यासमोर असणं ही सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि ह्या नव्या प्लॅनमधली सगळ्यात चांगली गोष्ट पण तोच ठिपका आहे. महिन्याच्या शेवटी बिल आलं असतं तर लोक फक्त भांडले असते, वागणं बदललं नसतं.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत मंग चियांग आणि त्यांच्या टीमनं 2011 च्या सुमारास पन्नासेक आयफोन-आयपॅडवाल्यांवर हाच प्रयोग केला होता, तासातासाला बदलणारा डेटाचा दर, मोबाइलवर रंगानं दाखवायचा. त्यात त्यांना दिसलं की लोक आकडा फार बघत नाहीत, रंग बघतात. माझ्या आईला वाचता येतं पण चष्म्याशिवाय ठिपक्यातला आकडा कुठला दिसणार, ती फक्त रंग बघते. लाल दिसला की मोबाइल पालथा ठेवते. तिला सकाळी सहाला उठून कीर्तन डाउनलोड करायला शिकवलं, संध्याकाळी आरती झाल्यावर तेच बिननेट ऐकते, आणि वर मला ऐकवते की तुझं नेट मला लागतच नाही म्हणून.

उलटी गोष्ट अमेरिकेतच 1996 च्या डिसेंबरमध्ये झाली होती. फोनच्या लाइनवरून नेट देणाऱ्या एओएल कंपनीनं तासाचे पैसे बंद करून महिन्याला 19.95 डॉलर असा सरसकट दर केला आणि लोक लाइन धरून बसले, सोडेचनात, फोन लावला की एंगेजच एंगेज. आपल्याकडं 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा पहिले काही महिने काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, फुकट होतं आणि रात्री चालत नव्हतं. जिओनं आपलं भलं केलं हे खरंच आहे, त्याच्या आधी एका जीबीला 250 रुपये मोजलेत मी. पण फुकट म्हणजे रांग, एवढंच म्हणणं आहे माझं. पैशानं नाही मोजलं तर वेळेनं मोजावं लागतं.

60 रुपयांचा पास म्हणजे काय तर मुंबई लोकलचा फर्स्ट क्लास. तीच गाडी, तोच रूळ, पोचायची वेळ तीच, पैसे जास्त म्हणून गर्दी कमी, आणि गर्दी कमी म्हणून लोक पैसे देतात. अँड्र्यू ओडलिझ्को म्हणून गणितातला माणूस आहे, त्यानं 1990 च्या दशकाच्या शेवटी इंटरनेटसाठी हेच सुचवलं होतं, नाव पॅरिसच्या मेट्रोवरून दिलं, कारण तिथं पण एकसारख्याच डब्यांचे दोन दर असायचे. गंमत म्हणजे पॅरिसवाल्यांनी तो फर्स्ट क्लास 1991 लाच बंद करून टाकला होता. आणि हाच ओडलिझ्को नंतर लिहित राहिला की लोकांना शेवटी सरसकट दरच आवडतो, डोक्याला ताप नको असतो. काका त्याला भेटले पाहिजे होते.

बरं आता भानगडी. पहिली भानगड रात्री बाराची. सुरुवातीला हिरवा रंग ठीक बाराला लागायचा. मग काय, सगळ्या गावानं डाउनलोड बाराला लावून ठेवले. मी पण. गेमचे अपडेट, पिक्चर, माझ्या फिल्मा, सगळं 12:00 ला एकदम सुटायचं आणि 12:05 ला स्पीड रात्री आठच्या पेक्षा बेकार. म्हणजे गर्दी मिटली नाही, नुसती तारीख बदलून उभी राहिली. मी मालकाला चहावर सांगितलं, एकदम आठवरून एकवर कशाला उतरतोस, पायरी पायरीनं उतर. आता 11 ला पिवळा होतो, नंतर 12 ला निम्म्या घरांचा हिरवा आणि 1 ला उरलेल्यांचा, दर आठवड्याला गट बदलतात. तेव्हापासून बारा वाजताचा धिंगाणा बंद. ह्याबद्दल त्याला पूर्ण मार्क, ऐकून घेतलं.

दुसरी भानगड अजून तशीच आहे आणि त्याच्यावर माझी खरी तक्रार आहे. तो पैसे जीबीवर घेतो. पण वायरलेसमध्ये खरी टंचाई जीबीची नसते, हवेतल्या वेळेची असते. रेडिओ एका वेळी एकाशी बोलतो, प्रत्येकाला वेळेचा तुकडा मिळतो. माझी डिश टॉवरला थेट दिसते, सिग्नल कडक, त्यामुळं एका झटक्यात डेटाचे 6 बिट जातात. वरच्या आळीला एक घर आहे, समोर भलंमोठं कडूलिंबाचं झाड, उन्हाळ्यात पालवी फुटली की सिग्नल पार पडतो, तिथं रेडिओ हळू बोलतो, 2-2 बिटानं. तोच एक जीबी त्या घरी पोचवायला हवा तिप्पट वेळ अडवून ठेवावी लागते. पैसे दोघांचे सारखेच. म्हणजे लाल वेळेत आम्ही सगळे महाग रेट देऊन काटकसर करायलोय आणि ते एक घर काही न करता, काही वाईट हेतू नसताना, गल्लीभराची हवा खातंय. त्याला जास्त रेट लावा असं मी अजिबात म्हणत नाही, झाड त्यानं लावलेलं नाही, आणि सावलीला अख्खी आळी बसते. त्याची डिश पाच फूट उंच पाईपवर घ्या, नाहीतर त्याला दुसऱ्या बाजूच्या टॉवरवर फिरवा. पाईपला किती लागतात, आठशे-हजार रुपये. चार महिने झाले सांगतोय, "बघू, पावसाळ्याआधी करू." गर्दीच्या रेटचा पैसा जर गर्दी कमी करायला वापरायचा नसेल तर मग तो नुसता गल्ला झाला.

तिसरी गोष्ट गावातल्या एका अकरावीच्या पोरीची. नीटची तयारी करते, ऑनलाइन क्लास रात्री 8 ते 9:30, लाइव्ह, डाउट तिथंच विचारायचा. तिच्या वडिलांनी मालकाला म्हणलं, क्लासचा रेट हिरवा धरा, शिक्षण आहे. मालक तयार होता, माणूस वाईट नाही. मीच म्हणलं थांब. 2016 च्या फेब्रुवारीत ट्रायनं, म्हणजे टेलिकॉमवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम काढलाय, कोणती वेबसाइट किंवा काय कंटेंट बघायलाय त्याच्यावरून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही, दंड दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख. फ्री बेसिक्सचा, म्हणजे फेसबुकनं ठराविक वेबसाइट फुकट द्यायच्या काढल्या होत्या त्याचा, वाद आठवत असेल, त्याच्यातूनच आलं ते. वेळेवरून दर वेगळा, चालतंय. क्लास स्वस्त आणि मालिका महाग, नाही चालत. आणि मला तो नियम बरोबर वाटतो, कारण आज क्लास स्वस्त झाला तर उद्या मालकाच्या साडूचं अॅप पण स्वस्त होईल.

पण मग पोरीचं काय? माझी फिल्म रात्री दोनला चढली तरी चालतंय, तिचा क्लास रात्री दोनला होत नाही. दर लावून गर्दी हलवायची म्हणजे ज्याला थांबता येतं त्याला थांबवायचं, एवढाच ह्या सगळ्याचा अर्थ आहे, आणि ज्याला थांबताच येत नाही त्याच्याकडून आठ रुपये घेऊन कोणती गर्दी हलली? शेवटी असं ठरलं की प्रत्येक घराला रोज संध्याकाळी पहिला 1 जीबी पिवळ्या रेटनं, मग त्यात क्लास बघा का क्रिकेट, कोणी विचारणार नाही. त्याच्या पुढं लाल. 480 वर दीड तासाचा क्लास त्यात जवळजवळ पूर्ण बसतो. एप्रिलपासून चालू आहे. मला वाटलं होतं सगळे तो एक-एक जीबी मिळतोय म्हणून वापरून टाकतील आणि संध्याकाळ परत जाम होईल, तसं फारसं झालं नाही, स्पीड एखाद-दुसऱ्या एमबीपीएसनं उतरला एवढंच. पोरीचे वडील आता मला बघून गाडी थांबवतात.

रात्रीच्या हिरव्या रेटचं अजून एक बघण्यासारखं आहे. आमच्याकडं शेतीची लाइट आठवड्यात काही दिवस रात्रीची असते, सगळ्यांना माहीत आहे, साप-विंचवात जाऊन मोटर चालू करायची. ती माणसं दोन-तीन वाजता विहिरीवर जागीच असतात, आणि आता स्वस्त नेट पण तेव्हाच. एक जण मला म्हणाला, "लाइट रात्रीची, नेट रात्रीचं, आता लग्नं पण रात्रीच लावा म्हणावं." हसलो, पण बोचलं. महावितरणनं तर आता नव्या टीओडी मीटरवर, म्हणजे वेळेप्रमाणे दर मोजणाऱ्या मीटरवर, घरगुती विजेला सवलत दिवसा 9 ते 5 ला दिलीय, सोलरची वीज दिवसा जास्त असते म्हणून. म्हणजे स्वस्त वेळ काही देवानं रात्रीचीच ठरवून दिलेली नाही, जिथं माल मोकळा पडतो तिथं स्वस्त करायचं. आमच्या टॉवरवर सकाळी 10 ते 5 चाळीसातली पंचवीस घरं शेतात असतात, मग ती वेळ पिवळी कशाला? हिरवी करा. हे पण सांगितलंय. "बघू."

आता पासचं. हे ऐका. एप्रिलमधलं लग्न, आमच्याच गावात, गोरज मुहूर्त 6:52. लाइव्ह माझ्याकडं. 720 क्वालिटीच्या लाइव्हला 4 एमबीपीएस अपलोड लागतो, आणि लाइव्हमध्ये एक सेकंद पण थांबता येत नाही, बफर करून नंतर पाठवतो असं मंगलाष्टकाला म्हणता येत नाही. म्हणून 6 ते 8 चा पास घेतला, 60 रुपये. सहाला लाइव्ह चालू, एकदम मख्खन, दुबईच्या मामानं कमेंट टाकली क्लिअर दिसतंय म्हणून. सात वाजले, वरात मारुतीच्या देवळापाशी. सव्वासात, वरात तिथंच, डीजेवाल्यानं तेच गाणं तिसऱ्यांदा लावलं आणि नवरदेवाचा मावसभाऊ घोड्याच्या पुढं लोळून नाचायलाय. भटजी माइकवर "वेळ टळतीय" म्हणून तीनदा ओरडले. साडेसात झाले. 7:50 ला नवरदेव मांडवात, अंतरपाट धरला, आणि 8 वाजता, बरोबर "शुभमंगल सावधान" ला, पास संपला. त्यात त्या दिवशी मॅच. अपलोड चारवरून पॉइंट आठवर. पुण्यातल्या आत्याला नवरीचा चेहरा चौकोनी चौकोनी दिसला आणि अक्षता पडल्या तेव्हा मामाच्या मोबाइलवर अजून अंतरपाटच होता. मी एका हातात गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, दुसऱ्या हातानं पास वाढवायलोय, तर अॅप म्हणतंय चालू तासाचा पास विकून झाला, पुढचा 9 पासून. कारण पास एका वेळी चारच विकतो तो. जास्त विकले तर फर्स्ट क्लासमध्येच चेंगराचेंगरी होईल, हे मला तत्त्वानं पूर्ण मान्य आहे, सेमिनारमध्ये मीच हे सांगितलं होतं, पण त्या घडीला मी मालकाला मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत.

नवरीच्या वडिलांनी लाइव्हचे दीड हजार कापले. चूक कोणाची? मुहूर्ताची नाही, ती वेळ पंचांगात आहे. पण पास विकणाऱ्याला एवढं सुचायला पाहिजे की ज्याचा पास चालू आहे त्याला संपायच्या पंधरा मिनिटं आधी वाढवायचा पहिला हक्क द्यावा, भले दुप्पट पैसे घ्या. मी 60 च्या जागी 200 दिले असते त्या मिनिटाला, आनंदानं. आणि मॅच बघायला पास घेतलेल्या एखाद्यानं 200 मिळतायत म्हटल्यावर आपला पास सोडून पण दिला असता. अॅपमध्ये परत विकायची सोय ठेवली असती तर दोघांचं काम झालं असतं. तशी काहीच सोय नाही. ह्याचा एक स्टार मी कापलाय आणि तो परत देणार नाही.

बिलाचं विचारत असाल तर मार्चचं माझं सांगतो. हिरव्यात 210 जीबी, पिवळ्यात 40, लाल 9. म्हणजे 210, 120 आणि 72, झाले 402, वर फिक्सचे 300. टोटल 702. जुना प्लॅन 700. दोन रुपये जास्त देऊन मला संध्याकाळी चालणारं नेट मिळालं, आणि 10 एमबीपीएसनं तासाला साडेचार जीबी म्हणजे एक फिल्म चार तासांत, झोपेत चढते. आधी पेन ड्राइव्ह घेऊन अंबाजोगाईला जात होतो, पेट्रोल घालून, ते पैसे तर मी धरलेलेच नाहीत. आईचं घरचं वेगळं कनेक्शन आहे, तिचं 340 आलं. काकांचा टीव्ही 480 क्वालिटीवर आणून पण बिल 600 च्या वर जातंय, त्यांना जुनंच बरं होतं आणि ते तसं रोज म्हणतात.

तर पाचापैकी साडेतीन. कडूलिंबाच्या घराला पाईप बसवला तर चार. ज्याचं काम रात्री ढकलता येतं, स्टुडिओवाले, सीएससी सेंटरवाले, सीसीटीव्हीचा बॅकअप टाकणारे, त्यांनी डोळे झाकून घ्या. ज्यांच्या घरी संध्याकाळी मोठा टीव्ही लागतो त्यांनी आधी टीव्हीची क्वालिटी 480 करायला शिका, मग घ्या. ऑटोवर ठेवू नका, ऑटो म्हणजे मोकळी हवा दिसली की टीव्ही स्वतःच मोठं ताट वाढून घेतो, पैसे तुमचे. रील्स बघणाऱ्या पोरांचं अवघड आहे, पुढच्या चार रील्स बघायच्या आधीच उतरून बसतात आणि त्याचे पण आठनं कापतात.

पुढच्या आठवड्यात घाटनांदूरकडं एक लग्न आहे, तिथं पण ह्याचाच टॉवर. मुहूर्त दुपारी 12:35 चा. मी 12 पासून 4 पर्यंत लागोपाठ दोन पास घेऊन ठेवलेत.